नदीकाठच्या छोट्या नगरपालिकेचा जन्म शोधायचा तर

नगरपालिकेची शंभरी किंवा दीडशे वर्षं आली की स्मरणिका निघते, आणि तिचं पहिलं पान ठरलेलं असतं: 'पुराणकाळापासून प्रसिद्ध असलेली आमची पुण्यनगरी'. पुढे शुभसंदेश, नगराध्यक्षांचा फोटो, मग सराफांच्या आणि पतसंस्थांच्या जाहिराती. पुराणकाळ ते जाहिराती यांच्यामधलं सगळं गाळलेलं. मी कृष्णाकाठच्या एका 'क' वर्ग नगरपरिषदेत आवक-जावकच्या टेबलापासून सुरुवात केली आणि रेकॉर्ड सांभाळत निवृत्त झाले. त्यामुळे आसपासच्या गावांतली हौशी मंडळी अजूनही घरी येतात. "मॅडम, आमच्या पालिकेची स्थापना नक्की कधीची? फलकावर एक साल आहे, लेटरहेडवर दुसरंच." त्यांना चहा पाजून जे सांगते तेच इथं लिहिते आहे. नदी कृष्णा असो, भीमा, सावित्री, गोदावरी की वैनगंगा, पद्धत तीच.

एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करून घ्या. गाव कधी वसलं आणि पालिका कधी झाली, हे दोन वेगळे शोध आहेत. एकाचे पुरावे नदीच्या पात्राजवळ, दुसऱ्याचे कपाटात. कऱ्हाडचंच बघा. कृष्णा-कोयनेच्या संगमावरच्या या गावाचं नाव मध्य प्रदेशातल्या भरहुतच्या स्तूपावरच्या दानलेखांत आलं आहे, म्हणजे वस्ती दोन हजार वर्षांहून जुनी. नगरपालिका मात्र १८५५ची. या दोन टोकांची मोट बांधून 'प्राचीन नगरपालिका' असं काहीतरी लिहिलं जातं, तिथून सगळा घोळ सुरू होतो.

आधी नदीवर, तेही उन्हाळ्यात

कागद नंतर बघू. एप्रिल-मेमध्ये, पाणी उतरलेलं असताना, गावातल्या एखाद्या जाणत्या माणसाला बरोबर घेऊन काठानं चाला. 'नदीकाठी पाण्याची सोय होती म्हणून गाव वसलं' हे उत्तर मला कधीच पुरेसं वाटलं नाही. पाण्याची सोय तर नदीच्या सबंध लांबीला असते. मग गाव नेमकं इथंच का?

बहुतेक वेळा उत्तर उतारात, म्हणजे नदी चालत ओलांडायच्या जागेत, सापडतं. पात्र जिथं रुंद आणि उथळ होतं, खाली खडक किंवा गोटे असतात, तिथून बैल आणि गाड्या पार व्हायच्या. पावसाळ्यात त्याच्याच आसपास नाव लागायची. पूल झाला की उतार विसरला जातो, पण वाटा विसरत नाहीत. गावातला जुना रस्ता पुलाकडे न जाता भलतीकडेच नदीवर उतरत असेल, तर तो कुठं जाऊन थांबतो ते बघा आणि पलीकडच्या काठावर समोर वाट दिसते का तेही बघा. जुनी पेठ बहुतेक त्याच रस्त्याला लागून निघते.

दुसरं म्हणजे उंची. जुनं गावठाण पुराच्या पाण्यावर कुठल्या टेकाडावर बसलंय? आपल्याकडे पाटबंधारे खात्याच्या नकाशांवर निळी आणि लाल अशा दोन पूररेषा असतात. निळी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. पालिकेच्या नगररचना विभागात हा नकाशा मिळतो. त्यावर जुन्या गावठाणाची हद्द पेन्सिलीनं काढा. जुन्यांनी कुठं घरं बांधली आणि नंतरच्यांनी कुठं प्लॉट पाडले, ते एका नजरेत कळतं. यावर मी जास्त बोलत नाही, शेजाऱ्यांशी भांडणं होतात.

तिसरं, पांढरी. नदीकाठी राखाडी-पांढरट मातीचं टेकाड असेल आणि पावसानंतर त्यात खापरं, मणी उघडे पडत असतील, तर ती जुनी वस्ती. प्रवरेकाठच्या नेवाशाला १९५४ ते ५६ या काळात पुरातत्त्वज्ञ सांकलियांच्या नेतृत्वाखाली उत्खनन झालं ते अशाच टेकाडावर. वैनगंगेकाठच्या पवनीला तटबंदी आणि स्तूपाचे अवशेष मिळाले. तुमच्या गावात तसं काही दिसलं तर फोटो काढा, जागा लिहून ठेवा आणि पुरातत्त्व खात्याला कळवा. फावडं घेऊन जाऊ नका. खापरं पिशवीत भरून घरीही आणू नका. जागेवरून हललेल्या खापराला मोल उरत नाही.

घाटांकडे बघताना भाविकाच्या नाही, गवंड्याच्या नजरेनं बघा. कुठल्या पायऱ्या एकाच दगडाच्या, कुठं नंतर भर घातली, कुठं शिलालेख आहे, कुठं वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराचा स्मृतिदगड, उलटा करून पायरीत बसवला आहे. वाईत घाटांना आळ्यांची आणि पेठांची नावं आहेत: गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह, भीमकुंड. ही नावं क्रमानं लिहिली की पेशवाईतली वाई नदीच्या बाजूनं कशी वाढत गेली त्याचा कच्चा नकाशाच हाती येतो. ढोल्या गणपतीचं देऊळ सरदार रास्त्यांनी १७६२मध्ये बांधलं. घाटांची कामंही पुष्कळशी त्याच घराण्याची. म्हणजे पालिका व्हायच्या शंभरेक वर्षं आधी नदीकाठची सार्वजनिक कामं सरदार घराणी स्वतःच्या पैशानं करत होती. मग ती जबाबदारी पालिकेकडे का आली, हा पुढचा प्रश्न, आणि तो कागदावरच सुटतो.

कायद्यांची उतरंड

इथं थोडं कंटाळवाणं आहे, पण हे माहीत नसलं तर समोरचा कागद वाचूनही कळत नाही.

मुंबई इलाख्यात गावोगावच्या पालिकांची सुरुवात १८५०च्या सव्विसाव्या कायद्यानं झाली. गावातल्या लोकांची इच्छा आहे असं सरकारला पटलं, तर तिथं हा कायदा लागू करायचा, काही रहिवासी आणि सरकारी अधिकारी मिळून मंडळी नेमायची, कर बसवायचा आणि रस्ते, दिवे, स्वच्छता पाहायची, अशी त्याची रचना. कऱ्हाड, वाई आणि पंढरपूर या तिन्ही नदीकाठच्या पालिका एकाच साली, १८५५मध्ये झाल्या, त्या याच काळात. लोकांची 'इच्छा' किती होती हा वेगळा विषय. पालिका म्हणजे नवा कर हे लोकांना तेव्हाही समजत होतं.

१८७३मध्ये नवा कायदा आला. १८८२मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड रिपनचा स्थानिक स्वराज्याचा ठराव झाला आणि त्यामागोमाग १८८४चा जिल्हा नगरपालिका कायदा. तिथून लोकांनी निवडून दिलेले सभासद वाढू लागले. मग १९०१चा कायदा, मोठ्या गावांसाठी १९२५चा बरो कायदा, आणि आज चालतो तो १९६५चा महाराष्ट्र नगरपरिषदा अधिनियम. ७४वी घटनादुरुस्ती १ जून १९९३पासून लागू झाली, तेव्हापासून नगरपंचायत हा प्रकार आला. २०१४-१५मध्ये तालुक्याच्या कितीतरी गावांच्या ग्रामपंचायती एकदम नगरपंचायती झाल्या. तुमची पालिका त्यातली असेल तर तिचा जन्म शोधणं सोपं, अधिसूचना ऑनलाइनच मिळते. पण म्हणून इतिहास तिथंच संपवू नका. आधीच्या ग्रामपंचायतीचं दप्तर कुठं गेलं ते विचारा. ते बहुधा जुन्या चावडीच्या माळ्यावर असतं.

हा रस्ता सगळ्या महाराष्ट्राचा नाही. मराठवाड्यात १९४८पर्यंत निजामाचं राज्य, तिथली जुनी बलदिया, म्हणजे नगरपालिका, आणि तिचे उर्दू कागद. विदर्भात मध्यप्रांत-वऱ्हाडचा १९२२चा वेगळा कायदा. आणि संस्थानं! नीरेकाठचं भोर, कृष्णा-पंचगंगेच्या बेचक्यातलं कुरुंदवाड, सांगली, ही सगळी मार्च १९४८पर्यंत संस्थानी होती. कोल्हापूर तर १९४९मध्ये विलीन झालं. तिथली पालिका दरबारच्या हुकुमानं झालेली असते, त्यामुळे मुंबई सरकारच्या राजपत्रात तिचा जन्म शोधत बसलात तर हाती काही लागणार नाही.

गॅझेटिअर कसं वाचायचं

जेम्स कॅम्पबेल यांच्या संपादनाखाली निघालेली मुंबई इलाख्याची गॅझेटिअरं, म्हणजे जिल्ह्याजिल्ह्याची माहिती देणारे सरकारी ग्रंथ, हा पहिला कागद. रत्नागिरी १८८०, कुलाबा १८८३, सोलापूर १८८४, पुणे आणि सातारा १८८५, कोल्हापूर १८८६. राज्याच्या दर्शनिका (गॅझेटिअर) विभागानं ती ऑनलाइन ठेवली आहेत. शेवटी शेवटी गावांची वर्णनं अकारविल्हे, म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या क्रमानं, दिलेली असतात. गावाचं त्या काळचं इंग्रजी स्पेलिंग आजच्यासारखं नसतं, तेव्हा दोन-तीन प्रकारे शोधा. त्यात पालिकेचं साल, त्या सुमाराचं वार्षिक उत्पन्न आणि खर्च, पाणी कुठून येतं, यात्रा कधी भरते, हे सगळं दहा-पंधरा ओळींत मिळतं.

उत्पन्नाचा आकडा वाचताना 'तेव्हा एवढ्याच रुपयांत गाव चालायचं' असं हसू येतं. हसून झालं की तो पैसा कुठून येत होता ते बघा. घरपट्टी, जकात आणि यात्रेच्या गावी यात्रेकरूंवरचा कर. पंढरपूरसारख्या ठिकाणी पालिकेचा जन्म आणि वारीतला पटकीचा फैलाव यांचा संबंध याच आकड्यांतून दिसतो: हजारो माणसं एका वाळवंटात उतरणार, तेच पाणी पिणार, आणि रोग घेऊन जिल्ह्याजिल्ह्यांत परतणार. सरकारला नदीकाठच्या तीर्थक्षेत्रांत पालिका हवी होती ती पुष्कळदा या धास्तीनं.

गॅझेटिअरचा लेखक साहेब होता, त्याचा चष्मा वेगळा. गावातल्या दंतकथा त्यानं कुणा मामलेदाराकडून ऐकून घातल्या आहेत. साल आणि आकडे घ्या, मतं सोडा.

लोकसंख्येसाठी जनगणनेचा एक तक्ता फार कामाचा आहे: शहरांची १९०१पासूनची दर दहा वर्षांची लोकसंख्या एका ओळीत देणारा. त्यात तुमच्या गावाचा आकडा सुरुवातीच्या दशकांत घसरलेला दिसला तर दचकू नका. १८९६नंतरचा प्लेग आणि १९१८चा इन्फ्लुएंझा त्या काळातच येऊन गेले. आणि मधल्याच एखाद्या दशकात गावाचं नाव तक्त्यातून गायब असेल, तर नीट चौकशी करा. काही छोट्या पालिका मोडल्या गेल्या होत्या आणि नंतर पुन्हा झाल्या. अशा गावी जन्मतारखा दोन निघतात आणि दोन्ही खऱ्या असतात.

ठरावबुक

आता माझ्या आवडीचा भाग. गॅझेटिअर घरी बसून वाचता येतं, प्रोसिडिंग बुकासाठी, म्हणजे सभांचे ठराव लिहिलेल्या वहीसाठी, पालिकेतच जावं लागतं.

सभेचं इतिवृत्त कायम जतन करायच्या कागदांत येतं, ते नष्ट करता येत नाही. तरी बहुतेक पालिकांत उत्तर मिळतं, "जुनं रेकॉर्ड पुरात गेलं." नदीकाठच्या गावात हे उत्तर कधी खरं असतं, कधी सोयीचं. मुख्याधिकाऱ्यांना आधी साधं पत्र द्या, चहाच्या वेळेला जा, रेकॉर्ड कीपरशी गोडीनं बोला. आम्हा लोकांना वर्षानुवर्षं कुणी येऊन जुनं काही मागत नाही. कुणी मागितलं तर खरं म्हणजे बरं वाटतं. तरीही दार उघडलं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज. नमुना 'अ', दहा रुपयांचं कोर्ट फी स्टँप, मजकूर दीडशे शब्दांच्या आत आणि विषय एकच. 'सर्व जुनी माहिती द्यावी' असं लिहाल तर 'माहिती मोघम' म्हणून परत येईल. 'स्थापनेपासून १९५०पर्यंतच्या सर्वसाधारण सभांच्या इतिवृत्त नोंदवह्यांची पाहणी करू द्यावी' असं लिहा. पाहणीचा पहिला तास फुकट, पुढे दर पंधरा मिनिटांना पाच रुपये, झेरॉक्स हवी तर पानाला दोन रुपये. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

बस्ता, म्हणजे दप्तराचं कापडी गाठोडं, सोडताना मास्क लावा, खाली पांढरा कागद पसरा. लाल कापडाची गाठ वर्षानुवर्षं न सोडलेली असते, ती ओढायची नाही, नखानं सैल करायची. आत पुठ्ठ्याची वही, कडा कसरीनं खाल्लेल्या. पान उलटताना वरच्या कोपऱ्यातून नाही, मधून हात घालून उलटा, नाहीतर जिथं टाकाची शाई जास्त सांडली होती तिथंच पान तुटतं. फ्लॅश न मारता फोटो काढा, आणि प्रत्येक फोटोत वहीचं वर्ष आणि पान क्रमांक लिहिलेली चिठ्ठी ठेवा. ही चिठ्ठी ठेवायचा आळस केला की घरी आल्यावर शेकडो फोटोंतलं कुठलं पान कुठल्या वहीचं हे कुणाच्या बापाला सांगता येत नाही.

आता मुख्य युक्ती. सापडलेली सगळ्यात जुनी वही ही पहिली वही असेलच असं नाही. तिच्यातला पहिला ठराव वाचा. तो 'मागील सभेचे वृत्त वाचून कायम केले' असा असेल, तर आधी सभा झालेली आहे आणि तुमच्या हातात पहिली वही नाही. पहिल्याच सभेची खूण वेगळी: सरकारी हुकुमाचा क्रमांक आणि तारीख सांगितलेली, सभासदांची नावं हुद्द्यांसह, आणि लगेच शिपाई, दिवाबत्ती, झाडूवाले यांच्या नेमणुका. सुरुवातीच्या काळात अध्यक्ष म्हणून कलेक्टर किंवा त्याचा असिस्टंट असायचा, प्रत्यक्ष कारभार मामलेदार हाकायचा, गावातले सावकार-इनामदार सभासद. म्हणून पहिले 'नगराध्यक्ष' म्हणून फलकावर जे नाव आहे ते नेमलेलं होतं की निवडून आलेलं, हे सहीवरून तपासा.

यात तीन तारखा सापडतील: सरकारी हुकुमाची, तो राजपत्रात छापून आल्याची आणि पहिल्या सभेची. लेटरहेडवरचं साल आणि फलकावरचं साल जुळत नाही ते बहुतेक यामुळेच. माझ्या मते स्थापनेची म्हणून हुकुमाची तारीख धरावी आणि बाकीच्या दोन शेजारी लिहाव्या. कुठलीतरी एक निवडून उरलेल्या दोन लपवू नका.

पुढची पानं चाळताना जकातनाक्यांचे ठराव हेरून ठेवा. नाके कुठं होते यावरून त्या वर्षीची गावाची हद्द कळते, आणि नदीच्या उतारावर नाका असेल तर माल पलीकडून येत होता हे सिद्ध होतं. उन्हाळ्यात चालून तुम्ही जी वाट शोधली, तिला इथं कागदाचा दुजोरा मिळतो. हा आनंद काही वेगळाच असतो, सांगून कळत नाही.

झाडूवाल्यांचं मस्टर सापडलं तर ते टाकू नका. मैलासफाईचा कर जवळजवळ प्रत्येक जुन्या पालिकेत होता, आणि ज्यांच्या हातांवर पालिका उभी राहिली त्यांची नावं फक्त पगारपत्रकात आहेत. स्मरणिकेत सरदारांना चार पानं मिळतात, यांना ओळही मिळत नाही.

ठराव झाला म्हणजे काम झालं नाही

ठरावबुक वाचणाऱ्याला एक सवय लागली पाहिजे: प्रत्येक ठरावापुढे 'मग काय झालं?' असं लिहायची. यासाठी महाडचं उदाहरण मी सगळ्यांना देते. सावित्रीकाठची ही छोटी पालिका. मुंबई कायदेमंडळात १९२३मध्ये सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला, की सरकारी पैशातली पाणवठ्यांसारखी सार्वजनिक ठिकाणं अस्पृश्यांना खुली करावीत. त्याला धरून महाड पालिकेनं १९२४मध्ये चवदार तळं सर्वांना खुलं केल्याचा ठराव केला. कागद इथं संपला असता तर आपण 'पुरोगामी पालिका' म्हणून मोकळे झालो असतो. प्रत्यक्षात तळं खुलं झालंच नाही. २० मार्च १९२७ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हजारो लोकांसह त्या तळ्याचं पाणी घेतलं तेव्हा परतणाऱ्यांवर हल्ले झाले, आणि त्याच वर्षी ४ ऑगस्टला पालिकेनं आपला जुना ठराव मागे घेतला. उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूनं लागायला १९३७ उजाडलं.

म्हणजे एकाच पालिकेच्या वहीत ठराव आहे आणि तो रद्द करणारा ठरावही आहे. पहिला वाचून वही मिटणाऱ्याला निम्मीच गोष्ट कळते. तुमच्या गावातही विहिरी, घाट, स्मशान, शाळा यांविषयीचे ठराव असतील. ते वाचताना दहा-पंधरा वर्षं पुढपर्यंत जा.

मोडी, फसली आणि शुहूर

१९५०च्या आधीचं पुष्कळ लेखन मोडीत आहे. स्वतः शिकायला वेळ असेल तर शिका. पुराभिलेख खात्याचे वर्ग निघतात. नसेल तर मोडी वाचक शोधा, पण त्याला सगळी वही देऊ नका. आधी फोटोंवरून तारखेच्या ओळी लावून घ्या आणि हवी तीच पानं वाचून घ्या.

जुन्या कागदांत शक, फसली आणि शुहूर अशा वेगवेगळ्या कालगणना असतात. इसवी सन काढायचा हिशेब असा: शकात ७८ मिळवा, फसलीत ५९०, शुहूर सनात ५९९. वर्षाची सुरुवात वेगवेगळी असल्यानं एखाद्या वर्षाचा फरक पडतो, म्हणून '१७७०-७१' असंच लिहावं. पेशवाईतल्या कागदांत शुहूर सन अरबी आकड्यांच्या शब्दांत असतो. 'इहिदे सबैन मया व अलफ' म्हणजे एक, सत्तर, शंभर आणि हजार, एकूण ११७१. त्यात ५९९ मिळवले की १७७०. पेठ वसवायचा कौल, शेटे-महाजनांची वतनं, नावेचं उत्पन्न कुणाला हे सगळं अशाच कागदांत असतं, आणि ते पुण्याच्या पुरालेखागारातल्या पेशवे दप्तराच्या रुमालांत (कापडात बांधलेल्या गठ्ठ्यांत) किंवा गावातल्याच जुन्या घरात मिळतं. जुन्या घरातले कागद मागायला जाताना जमिनीच्या वादाचा विषय काढू नका. तुम्ही सातबारा शोधताय असा संशय आला की पेटी बंद.

पालिकेचं दप्तर खरोखरच पुरात गेलं असेल तरी वाट संपत नाही. पालिका दरवर्षी कलेक्टरकडे अहवाल पाठवत असे आणि तो वर मुंबईला जात असे. मुंबईचं पुरालेखागार एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आहे; तिथल्या सामान्य विभागाच्या खंडांत नगरपालिकांच्या फायली आहेत. संस्थानी गावांनी कोल्हापूरच्या आणि पुण्याच्या पुरालेखागारात विचारावं, विदर्भानं नागपूरला.

आणखी एक ठिकाण लोक विसरतात: भूमी अभिलेख कार्यालय. नगर भूमापन झालं तेव्हाची चौकशी नोंदवही मागा. कुठलं घर कुणाचं होतं, कुठली जागा पालिकेची, कुठली देवस्थानची, घाटाची मालकी कुणाच्या नावावर, हे त्यात घरोघरचं असतं.

माणसांना काय विचारायचं

म्हाताऱ्या माणसांना साल विचारू नका. 'पालिका कधी झाली' याचं उत्तर त्यांच्याकडे नसतं, आणि तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून ते काहीतरी सांगतात. वस्तू आणि जागा विचारा. पहिला नळ कुठल्या चौकात आला, रॉकेलचे कंदील कोण लावायचं, जकातनाक्यावर कोण बसायचं, नाव कुठं लागायची.

आमच्या भागातल्या एका नावाड्याच्या घरी मी विचारलं, "आबा, नाव कुठं लागायची?"

"देवळाच्या खाली. पन आषाढात न्हाई. आषाढात वरल्या डोहाजवळनं सोडायची आन् व्हात खाली आणायची."

"मग भाडं कोण घ्यायचं?"

"लिलाव हुयाचा की! पालिकंत. माझा बा दोनदा बोलला होता लिलावात."

नावेचा लिलाव पालिका करत होती हे वहीत मी वाचलं होतं, पण आषाढात जागा बदलायची हे कुठल्याही वहीत लिहिलेलं नाही. बायकांना वेगळं बसवून विचारा, पुरुषांसमोर त्या गप्प बसतात. धुणं कुठल्या घाटावर, पिण्याचं पाणी कुठून, कुठल्या घाटावर कोणाला जाऊ देत नव्हते, हे आज्यांना पक्कं माहीत असतं.

लिहिताना

देवस्थानाची माहात्म्यकथा अवश्य घ्या, पण वेगळ्या चौकटीत, 'अशी कथा सांगतात' म्हणून. कागदावर मिळालेलं, जमिनीवर पाहिलेलं आणि तोंडी ऐकलेलं यांना वेगळ्या खुणा करा; मी पेन्सिलीनं समासात क, ज, तों असं लिहीत असे. नगराध्यक्षांची यादी देताना प्रशासकांचा काळही द्या. निवडणुका रखडल्या की वर्षानुवर्षं प्रशासक असतो आणि यादीत तेवढी वर्षं जादूनं नाहीशी होतात. नेमलेला अध्यक्ष, नगरसेवकांनी निवडलेला आणि थेट जनतेनं निवडलेला, हे तीन प्रकारही नावापुढे लिहा.

सध्याच्या पदाधिकाऱ्यांना मजकूर आधी दाखवावा लागतो, ते अटळ आहे. पैसा पालिकेचा असतो. त्यांच्या फोटोंना जागा द्या आणि ठरावांच्या तारखांना हात लावू देऊ नका.

छापून झालं की फोटोंची एक प्रत पेन ड्राइव्हवर पालिकेच्या रेकॉर्डला द्या आणि आवक क्रमांक घ्या, दुसरी गावच्या वाचनालयाला द्या आणि पोच घ्या. ज्या घरांतून कागद मिळाले त्यांचे मूळ कागद लॅमिनेशन न करता परत करा. लॅमिनेशन केलेला मोडी कागद आतल्या आत पिवळा पडत जातो आणि नंतर सोडवताही येत नाही. आम्लविरहित कागदात गुंडाळून पत्र्याच्या पेटीत, जमिनीपासून उंच, लाल पूररेषेच्या वरच्या घरात ठेवायला सांगा.